आधी उभी राहू दे, मग पळव : मर्सिडीज ३०० एसईएल ६.३ पुन्हा रस्त्यावर आणताना

श्टुटगार्टजवळच्या ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे मी या गाड्यांचं काम शिकलो, त्याने पहिल्याच दिवशी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि मोजपट्टी दिली. चाकाच्या मधोमधपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजायची, खडूने जमिनीवर लिहायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजायची. मला इंजिन सुरू करायची घाई झाली होती. तो एवढंच म्हणाला, "आधी उभी राहू दे. पळेल मग."

त्याने शिकवलेला हा क्रम मी इथे लिहितोय. तो मोडला की पैसे जातात. आणि काही वेळा ज्या वस्तूसाठी सगळा खटाटोप चाललेला असतो तीच खराब होते.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. १९६६ साली मर्सिडीजमधल्या एरिश वाक्सेनबर्गर या अभियंत्याने कंपनीच्या सर्वांत मोठ्या ६०० मॉडेलचं व्ही-८ इंजिन एस-क्लासच्या सडपातळ अंगात बसवून पाहिलं. त्याचे वरिष्ठ रुडॉल्फ उलेनहाउट यांना ते पटलं आणि मार्च १९६८ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ३०० एसईएल ६.३ लोकांसमोर आली. ६३३२ सीसी, ४००० आरपीएमला २५० अश्वशक्ती, २८०० आरपीएमला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क. पावणेदोन टनांच्या आसपास वजनाची, लाकूड-चामड्याने सजवलेली, पाच माणसं निवांत नेणारी ही गाडी ६.५ सेकंदांत शंभरावर जायची आणि ताशी २२० किलोमीटर गाठायची. १९७२ पर्यंत ६५२६ गाड्या बनल्या. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ सालीच भगिनी-शहरं झाली. आमच्यासारख्या इकडे जर्मनीत स्थायिक झालेल्यांना हा योग मनापासून आवडतो.

कागद आणि आकडे

गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडायची घाई करू नका. आधी चासी नंबर वाचा. अस्सल ६.३ चा नंबर १०९०१८ ने सुरू होतो आणि इंजिनाचा १००९८१ ने. १०९०५६ दिसला तर ती मुळात ३.५ लिटरची गाडी आहे, मागे ६.३ ची पाटी असली तरीही. पाटी कुणालाही लावता येते. इंजिन नंबर १००९८० ने सुरू होत असेल तर ते ६०० मॉडेलचं इंजिन आहे. तेही उत्तमच, पण मग ही गाडी "मूळ इंजिनासह" म्हणून विकता येणार नाही आणि किंमत त्या हिशेबानेच ठरवायला हवी.

प्रत्येक गाडीसोबत कारखान्यातून एक डेटा कार्ड निघालेलं असतं. त्यावर रंगाचा कोड, आतल्या चामड्याचा कोड, इंजिन, गिअरबॉक्स, जोडून घेतलेल्या सोयी असं सगळं असतं. ते हरवलं असेल तर श्टुटगार्टलगतच्या फेलबाखमध्ये १९९३ पासून असलेल्या मर्सिडीजच्या क्लासिक सेंटरकडे विचारणा करा. कार्ड हातात आलं की गाडीवरची प्रत्येक गोष्ट त्याच्याशी ताडून पाहा. रंग बदललेला असला तर माझी हरकत नसते. पण कार्डावर एक आणि गाडीत दुसरंच इंजिन असेल, तर त्यामागची हकीकत कागदोपत्री मिळाल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पत्रा

या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं. सडलेला सांगाडाही दुरुस्त होतो, पण त्या खर्चात दुसरी चांगली गाडी येते. म्हणून पाहणीचा निम्मा वेळ गंजाला द्या. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक घ्या. पुढच्या दिव्यांभोवती, मागच्या चाकांच्या कमानींवर, दारांखालच्या सिलवर, मागच्या काचेच्या खालच्या कडेवर ते सरकवत न्या. जिथे ओढ कमी लागते तिथे पुट्टी आहे. डिकीतलं स्टेपनी टायर काढून त्याच्या खळग्यात हात फिरवा. गालिचे उचला, पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबून बघा. जॅक लावायच्या जागा आणि पुढच्या सस्पेन्शनला धरणारे सांगाड्याचे पट्टे हे सगळ्यांत महत्त्वाचं. इथे गंज लपवण्यासाठी वरून जाड काळा डांबरी थर दिलेला असतो. ताजा, चकचकीत थर दिसला की संशय घ्या आणि तो खरवडून बघण्याची परवानगी मागा. विकणारा नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

वेल्डिंगचं काम निघालंच तर तुकड्यावर तुकडा ठेवून भागवू नका. सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, त्याच जाडीचा नवा जोडायचा, आतल्या पोकळीत मेण फवारायचं. रंग मात्र आत्ता नाही. रंग सगळ्यांत शेवटी.

हवा

३०० एसईएलला स्प्रिंग नाहीत, ती हवेवर उभी असते. इंजिनावर पट्ट्याने फिरणारा छोटा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. तिथून नळ्यांनी ती हवा चार रबरी बेलोंमध्ये, म्हणजे चाकांजवळच्या हवेच्या पिशव्यांमध्ये जाते. मध्ये तीन लेव्हल व्हॉल्व्ह असतात, पुढे दोन आणि मागे एक. गाडीत माणसं बसली, डिकी भरली, की हे व्हॉल्व्ह हवा सोडतात किंवा घेतात आणि उंची जशीच्या तशी राहते.

पन्नास वर्षांनी रबर कडक होतं, व्हॉल्व्हमधल्या सील झिजतात, टाकीत पाणी साठून नळ्या आतून गंजतात. गाडी रात्रीतून एका कोपऱ्यावर बसते. विकणारा म्हणतो, "इंजिन सुरू केलं की दोन मिनिटांत वर येते." येतेच, पण बेलो फाटलेला असला तरी येते, कारण कॉम्प्रेसर गळतीपेक्षा जास्त हवा ढकलत असतो. तो बिचारा सतत राबत राहतो आणि लवकर मरतो.

मोजपट्टी इथेच कामाला येते. रात्री गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चारही उंच्या लिहा. सकाळी पुन्हा मोजा. एकच कोपरा बसला तर त्या बाजूचा बेलो किंवा त्याचा व्हॉल्व्ह. मागचे दोन्ही एकदम बसले तर मागचा एकटा व्हॉल्व्ह, कारण तो दोघांना मिळून आहे. सगळी गाडी सारखी बसली तर टाकी, मुख्य व्हॉल्व्ह किंवा त्यांच्यामधल्या नळ्या. एवढं कळलं की शोध चौथाईवर येतो.

मग साबणाचं पाणी. भांडी घासायचा साबण वाटीत कालवून रंगाच्या बारीक ब्रशने प्रत्येक सांध्याला लावायचा. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी दोन संध्याकाळी बेलोंवरच ब्रश फिरवत बसलो होतो, एक बुडबुडा दिसेना. तिसऱ्या रात्री गॅरेजमधला हीटर बंद केला, शांतता झाली, आणि मागच्या ॲक्सलजवळ अगदी बारीक सुस्कारा ऐकू आला. टॉर्च धरला. लेव्हल व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मुळाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. त्या व्हॉल्व्हमधल्या सील बदलल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खडूचे आकडे जुळले.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. या गाडीखाली फक्त जॅकच्या भरवशावर, किंवा "आत्ता वर आहे" म्हणून, कधीही शिरू नका. हवा गेली की ती काही न सांगता खाली येते. चार मजबूत स्टँड, सांगाड्याच्या भक्कम जागांखाली, आणि मगच तुमचं डोकं आत. आपल्याकडच्या गॅरेजांत विटा रचायची सवय आहे. विटा इथे चालणार नाहीत, वजन पडलं की त्या फुटतात.

बरेच जण वैतागून हवा काढून टाकतात आणि साध्या स्प्रिंग बसवतात. मला ते अजिबात पटत नाही. खराब रस्त्यावरून ताशी १६० ने जाताना ज्या शांततेसाठी ही गाडी ओळखली जाते ती शांतता त्या हवेतच आहे. व्हॉल्व्हच्या सील, बेलो, सगळं आजही मिळतं. एकदा सगळी यंत्रणा नीट बांधली, टाकीतलं पाणी नियमित काढत राहिलात, तर वर्षानुवर्षं तक्रार नसते.

ब्रेक

चारही चाकांना डिस्क, पुढच्या हवेशीर. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत कॅलिपरचे, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाचे, पिस्टन गंजून अडकलेले असतात आणि रबरी नळ्या आतून सुजलेल्या. बाहेरून नवी दिसणारी नळी आतून बंद झालेली मी पाहिली आहे. पाय दाबला की दाब जातो, पाय उचलला तरी परत येत नाही, चाक तापत राहतं. म्हणून विचार न करता सगळ्या रबरी नळ्या नव्या घाला, कॅलिपर उघडून सील बदला, मास्टर सिलिंडर बघा, डॉट ४ प्रकारचा ब्रेकचा द्रव भरा आणि दर दोन वर्षांनी बदला, कारण हा द्रव हवेतली ओल शोषतो. इथे आणखी विचार करण्यासारखं काही नाही.

पेट्रोल, आणि पहिल्यांदा सुरू करणं

टाकी १०५ लिटरची. तिच्यातलं जुनं पेट्रोल लाखेसारखं चिकट झालेलं असतं. ६.३ मध्ये कार्ब्युरेटर नाही. बॉशचा यांत्रिक इंजेक्शन पंप आहे, आठ सिलिंडरांना आठ छोटे पिस्टन. ते आपल्या नळकांड्यात इतके घट्ट बसतात की त्यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते. ही लाख तिथे पोचली की पिस्टन जागीच धरतात. म्हणून जुन्या पेट्रोलवर "एकदा फिरवून बघू" हा मोह टाळा. टाकी उतरवून आतून स्वच्छ करा, तळाची जाळी काढून धुवा, फिल्टर नवे, सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या. पंपाआधीची नळी सोडून इलेक्ट्रिक पंपाने ताजं पेट्रोल बादलीत काही लिटर वाहू द्या. काचेच्या बरणीत धरून उजेडात बघा. कण दिसेनासे होईपर्यंत पुढची नळी जोडायची नाही.

तोवर इंजिनाकडे वळा. आठही प्लग काढा. मागच्या प्लगांपर्यंत हात पोचवताना बोटं सोलतात, घाई करू नका. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल, एक-दोन दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर लावायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. फिरायला लागलं की व्हॉल्व्हकव्हर काढून कॅमशाफ्टवरची खूण जुळवा आणि पुढच्या पुलीवर क्रँकचे अंश वाचा. एक-दोन अंशांचा फरक जुन्या चेनमध्ये असायचाच. पाच-सहाच्या पुढे गेला तर चेन ताणलेली आहे. चेन, तिला ताणून धरणारा टेन्शनर आणि तिला वाट दाखवणाऱ्या पट्ट्या एकदमच बदला. जुनी पट्टी मोडून तुकडा चेनमध्ये गेला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात.

इंजिन ऑइल जस्तयुक्त, २०डब्ल्यू-५० प्रकारचं घ्या. कॅमवर घासून चालणाऱ्या या जुन्या रचनेला ते लागतं. प्लग न लावता स्टार्टरने फिरवून आधी ऑइलचा दाब काट्यावर येऊ द्या. मग कॉम्प्रेशन मोजा. नेमक्या आकड्यापेक्षा सगळ्या सिलिंडरांत सारखेपणा किती, ते मी जास्त बघतो. एखादाच दीड बारने खाली असेल तर त्यात हवा भरून कान लावा. सुस्कारा एक्झॉस्टमधून आला तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा.

एवढं झाल्यावर प्लग लावा आणि सुरू करा. गरम झाल्यावर मंद चालीला ऑइलचा काटा खाली येतो, पण ॲक्सिलरेटर दिला की तीनच्या आकड्याला जाऊन टेकला पाहिजे आणि तिथेच राहिला पाहिजे. नाही टेकला तर लगेच बंद करा.

ताकद कुठे हरवते

बरेच लोक इथे येऊन अडतात. गाडी सुरू होते, उभीही राहते, पण पिकअप नाही. मध्येच मिसिंग मारते, थंड असताना धूर, गरम झाल्यावर अडखळणं. दोष इंजेक्शन पंपावर जातो.

माझीही तीच चूक झाली होती. पंप काढून एका वर्कशॉपला दिला. तो परत यायला पाच महिने लागले आणि त्या पैशांत मी पुण्याला दोनदा जाऊन आलो असतो. पंप बसवला, आणि गाडी होती तशीच. म्हातारा मिस्त्री आला, बॉनेटखाली वाकला, पेडलपासून थ्रॉटलपर्यंत आणि तिथून पंपाच्या लिव्हरपर्यंत जाणारे दांडे एकेक करून दोन बोटांनी हलवू लागला. प्रत्येक दांड्याच्या टोकाला छोटी गोळी आणि कप. प्रत्येक कप थोडा झिजलेला. पेडल पूर्ण दाबलं तरी थ्रॉटल पूर्ण उघडत नव्हता, आणि थ्रॉटल उघडायला लागल्यावर पंपाचा लिव्हर थोडा उशिरा हलत होता. म्हणजे हवा आधी, पेट्रोल नंतर. इंजिन उपाशी.

म्हणून पंपाला हात लावायच्या आधी हा क्रम पाळा. दांड्यांचे झिजलेले कप बदला. वर्कशॉप मॅन्युअलमधल्या लांबीनुसार प्रत्येक दांडा लावा. एकाला पेडल तळाशी दाबून धरायला सांगा आणि थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते डोळ्यांनी बघा. थ्रॉटल आणि पंपाचा लिव्हर एकाच क्षणी हलायला लागले पाहिजेत. मग इग्निशन: पॉइंटचा गॅप, टायमिंग, डिस्ट्रिब्युटरमधली वजनं मोकळी फिरतात का, प्लगच्या वायरी. मग इंजेक्टर काढून फवारा बघा. शंकूसारखं धुकं हवं, धार नको. मग थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी यंत्रणा गरम झाल्यावर खरंच बंद होते का. एवढं करूनही तक्रार राहिली तर पंप. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक गाड्यांत पंपापर्यंत जायची वेळ आली नाही.

गिअरबॉक्स चार गतींचा ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरऐवजी साध्या फ्लुइड कपलिंगचा. गिअर बदलताना थोडा धक्का हा त्याचा स्वभाव आहे, बिघाड समजू नका. धक्का फारच मोठा असेल तर आधी व्हॅक्यूमची नळी आणि थ्रॉटलकडून येणारा दांडा बघा. मघाचे दांडे चुकीचे असतील तर गिअरबॉक्सही चुकीच्या वेळी बदलतो.

ताकद वाढवायचं विचारतात बरेच जण. त्यांना मी १९७१ ची हकीकत सांगतो. हान्स वेर्नर आउफ्रेष्ट आणि एरहार्ड मेल्शर यांनी १९६७ मध्ये एएमजी ही गाड्यांची ताकद वाढवणारी कंपनी सुरू केली, आणि १९७१ साली त्यांनी ६.३ चं इंजिन बोअर करून ६८३४ सीसीवर नेलं, ४२८ अश्वशक्ती काढली, आणि बेल्जियममधल्या स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत ही लाल गाडी एकूण दुसरी आणि आपल्या गटात पहिली आली. टायर मात्र ती खात गेली आणि पेट्रोलसाठी सारखी आत येत राहिली. पुढे मात्रा या फ्रेंच कंपनीने ती विमानाच्या चाकांच्या चाचण्यांसाठी घेतली. मूळ गाडी आज नाही. तुमच्याकडची ६.३ आहे. कारखान्याने दिलेले २५० घोडे सगळेच्या सगळे परत आणा. ते परत आल्यावर कुणी वाढवायचं नाव काढलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

रस्त्यावर

पहिले २०० किलोमीटर गावाजवळच. रेडिएटर आधी धुवून घेतलेला हवा, पंख्याचा क्लच गरम झाल्यावर पकडतो का ते बघितलेलं हवं. टायर २४० पर्यंतच्या वेगाचे, आणि बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं ते वाचा. नक्षी कितीही असली तरी सहा वर्षांपलीकडचे नकोत. मागचा स्विंग ॲक्सल विसरू नका. ओल्या वळणावर वेगात शिरून अचानक पाय उचललात तर मागची चाकं आत दुमडतात आणि गाडीची पाठ फिरते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात पेडल हलकं दाबलेलं ठेवायचं. २२० आणि ६.५ सेकंदांची परीक्षा बंद ट्रॅकवरच घ्या.

रंग आणि आतली सजावट याच्यानंतर. चामडं शाबूत असेल तर बदलू नका. स्वच्छ करून तेल-पाणी द्या. पन्नास वर्षांच्या सुरकुत्या नव्या चामड्याला येत नाहीत.

जर्मनीत तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला तपासणीनंतर नंबरच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं आणि वर्षाचा कर सरसकट सुमारे १९२ युरो होतो. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली अशा कामांसाठीच. शेवटची ६.३ सुद्धा १९७२ ची, म्हणजे वयाची अट सगळ्याच पुऱ्या करतात.

माझी गाडी तयार झाली तेव्हा मी ती श्टुटगार्टहून उल्मच्या दिशेने नेली. मध्ये ए-८ महामार्ग श्वेबिश आल्बचा डोंगर चढतो. आपल्या खंडाळ्याच्या घाटाची आठवण यावी असा चढ. उजव्या लेनमध्ये ट्रक फर्स्टवर धापा टाकत होते. मी पेडल थोडं दाबलं, गिअरबॉक्सने एक गिअर खाली घेतला, आणि गाडी नाक किंचित वर करून, आवाज न वाढवता, चढाला सपाटी समजून निघाली. म्हातारा शेजारी बसला होता. तो ऑइलच्या काट्याकडे बघत होता. काटा तीनवर होता.

रात्री घरी येऊन मी चारही कोपऱ्यांची उंची खडूने लिहिली. सकाळी सहा वाजता मोजपट्टी घेऊन पुन्हा खाली गेलो. मागच्या डाव्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरचा फरक होता. साबणाचं पाणी कालवलं.